स्वतःची छोटी होडी बांधायची आहे, लाकडाची की ॲल्युमिनियमची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन ते साडेचार मीटर लांबीच्या होड्यांबद्दल आहे. वल्ह्यांनी चालणारी, एखादं छोटं शीड लावलेली किंवा लहान आउटबोर्ड इंजिनाची होडी; तलाव, संथ नदी, खाडी अशा आडोशाच्या पाण्यात फिरणारी. उघड्या समुद्रात जायची नाव बांधायचा विचार असेल तर इथलं बरंचसं अपुरं पडेल.

मी आजवर एकही होडी बांधलेली नाही. लाकूड घेऊ की ॲल्युमिनियम?

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग आधीपासून येत असेल तर ॲल्युमिनियम. येत नसेल तर मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा डिंक). होडी बांधता बांधता वेल्डिंग शिकू म्हणणाऱ्यांना मी तरी परावृत्त करतो.

प्लायवूडमध्ये चूक दिसते आणि दुरुस्त होते. भोक चुकीच्या जागी पडलं तर इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ कालवून बुजवता येतं. फळी दोन मिलिमीटर कमी कापली गेली तर ती फट सांध्यातच भरून निघते. ॲल्युमिनियमचा टाका, म्हणजे वेल्डचा सांधा, मात्र वरून चकचकीत दिसतो आणि आतून नुसता चिकटलेला असू शकतो. तो बांधताना फुटत नाही. इंजिनाच्या थरथरीने आणि लाटांच्या दणक्यांनी पुढे कधीतरी फुटतो, तेही तुम्ही पाण्यात असताना.

दुसरी बाजूही खरी आहे. होडी दगडगोट्यांवरून ओढली जाणार असेल, बारा महिने उघड्यावर पडून राहणार असेल आणि तिची निगा राखायला कुणी नसेल, तर लाकडाच्या नादी लागू नका. ॲल्युमिनियमला पोचे येतात, पण पोचे आलेली होडी तरंगते.

कुठलंही वॉटरप्रूफ प्लायवूड चालेल का?

नाही. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच प्लायवूडचा डिंक पाण्याला टिकतो, पण आतल्या थरांत पोकळ्या असतात. बाहेरून अखंड दिसणाऱ्या तक्त्याच्या पोटात बोटभर जागा रिकामी असते. वाकवताना तक्ता नेमका तिथेच मोडतो, आणि पाणी शिरलं की तिथूनच कुजायला लागतो. बीएस 1088 हे मरीन प्लायवूडचं जगभर चालणारं मानक आहे. भारतीय मानक आयएस 710. शिक्का पाहा, पण शिक्क्यावर विसंबू नका. तक्त्याच्या चारही कडा उजेडात धरून तपासा, एक तुकडा कापून आतले थर पाहा आणि तोच तुकडा काही तास पाण्यात उकळा. थर सुटले तर तो माल होडीसाठी नाही.

छोट्या होडीला 6 मिलिमीटर जाडी बहुतेक वेळा पुरते. फार हलकी होडी हवी असेल तर 4 मिलिमीटर. तळ रेतीवर घासणार असेल तर तळाला 9. ओकुमेचं प्लायवूड हलकं असतं आणि छान वाकतं, मात्र कुजण्याला फारसा प्रतिकार करत नाही. मेरांती जड, पण जास्त टिकाऊ. होडी डोक्यावर घेऊन पाण्यापर्यंत न्यायची असेल तर प्रत्येक किलो जाणवतो, हे जाडी ठरवताना आठवा.

फळ्यांची पारंपरिक होडी का नको?

नको असं नाही. ती सुंदर असते, आणि तिचं कसबही वेगळंच. पण फळीला फळी बसवायला हात तयार असावा लागतो, वांक, म्हणजे होडीच्या फासळ्या, वाफवून वाकवावे लागतात (साधारण एक इंच जाडीला एक तास वाफ, हा जुना हिशेब) आणि होडी बाहेर काढून ठेवली की फळ्या सुकून सांधे उघडतात. पुन्हा पाण्यात घातल्यावर फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत ती गळते. महिन्यातून एकदा वापरायची, एरवी शेडमध्ये उभी करून ठेवायची होडी असेल तर हा प्रकार सोयीचा नाही.

आराखडा विकत घेऊ की स्वतः काढू?

पहिल्या होडीला विकत घ्या, किंवा जो शेकडो जणांनी बांधून पाहिला आहे असा मोफत आराखडा घ्या. तरीही आराखड्यामागचं गणित स्वतः करून पाहा. त्यात अवघड काही नाही, आणि होडी किती बुडेल हे बांधायच्या आधीच कळतं.

समजा पाण्याच्या रेषेवर होडीची लांबी 3 मीटर, रुंदी 1.1 मीटर, आणि ती 12 सेंटिमीटर बुडावी अशी अपेक्षा आहे. पूर्ण चौकोनी पेटी असती तर 3 × 1.1 × 0.12, म्हणजे जवळपास 0.4 घनमीटर पाणी तिने बाजूला सारलं असतं. होडी नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळती होते, तळ वर उचललेला असतो, म्हणून त्याच्या निम्मं धरा: 0.2 घनमीटर, म्हणजे 200 लिटर. गोड्या पाण्यात 200 लिटर म्हणजे 200 किलो. त्यात होडी 45 किलो, दोन माणसं 140, वल्ही, नांगर आणि सामान 15. झाले 200. तिसरा माणूस बसला तर? पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ अशा होडीत साधारण 2.3 चौरस मीटर भरतं, म्हणजे दर 23 किलोला ती आणखी एक सेंटिमीटर खाली जाईल. 70 किलोच्या माणसाने तीन सेंटिमीटर. बुडण्याच्या दृष्टीने हे फार नाही, पण काठ आधीच पाण्यापासून वीतभर उंच असेल तर ते तीन सेंटिमीटर भारी पडतात.

हे झाल्यावर पुठ्ठ्याचं 1:10 मापाचं मॉडेल करा. कुठली फळी कुठे वाकते आणि कुठे अडते, हे कागदावर कळत नाही, हातात कळतं.

आराखड्यात थोडा बदल केला तर चालेल ना? लांबी फूटभर वाढवायची आहे, बस.

लांबी दहा टक्क्यांपर्यंत, तीही सगळ्या चौकटींमधलं अंतर सारख्या प्रमाणात वाढवून, बहुतेक आराखडे सहन करतात. रुंदी आणि बाजूंची उंची यांना हात लावू नका. बाजू उंच केल्या की वारा पकडतात आणि बसणाऱ्याचं वजन वर सरकतं. आराखड्यात नसलेली केबिन चढवू नका. साडेतीन मीटरच्या होडीला केबिन शोभतही नाही आणि पेलवतही नाही.

‘स्टिच अँड ग्लू’ म्हणजे नक्की काय करायचं?

प्लायवूडचे आकार कापायचे, कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे, आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीचा गोलसर लेप भरायचा, त्यावर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची. सांगाडा जवळपास लागतच नाही. सांधाच सांगाड्याचं काम करतो. शिवलेल्या होड्या हिंदी महासागरात शतकानुशतकं काथ्याच्या दोरीने बांधल्या जात, पण सांध्याची ताकद डिंकावर टाकणारी ही रीत विसाव्या शतकातली. ती घराघरात पोहोचवली ‘मिरर’ डिंगीने, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीने. टीव्हीवर घरकामाचे कार्यक्रम करणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे रचनाकार जॅक होल्ट यांनी ती एका ब्रिटिश वृत्तपत्रासाठी तयार केली. 1963 मध्ये बाजारात आलेली ही 3.3 मीटरची होडी 70,000 हून अधिक संख्येने बांधली गेली, आणि बांधणाऱ्यांत आयुष्यात फळीला रंधा न लावलेली माणसं भरपूर होती.

प्रत्यक्ष काम असं चालतं. भोकं कडेपासून 8 ते 10 मिलिमीटर आत आणि एकमेकांपासून 10 ते 15 सेंटिमीटरवर. नाळेजवळ, जिथे फळी जास्त वळते, तिथे आणखी जवळ. तार सुरुवातीला सैलच पिळायची. सगळे टाके घालून झाल्यावर पक्कडीने एकेक पीळ आवळत जायचं, एका बाजूचे दोन, दुसऱ्या बाजूचे दोन. एकाच बाजूने सगळे आवळत सुटलात तर होडीला मुरड पडते.

मुरड तपासायची सोपी युक्ती आहे. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक नाळेजवळ आणि एक पिछाडीजवळ काठांवर आडव्या ठेवा. मागे उभं राहून एक डोळा मिटून पाहा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर होडी सरळ आहे. एक कड एका बाजूला वर गेलेली दिसली तर आत्ताच टाके सैल करून, एका कोपऱ्याखाली पाचर सरकवून ती सरळ करा. इपॉक्सी सुकल्यावर हे करता येत नाही, आणि मुरडलेली होडी वल्हवताना कायम एका अंगाला ओढत राहते.

मग टाक्यांच्या मधल्या जागांत घट्ट इपॉक्सीचे लहान लहान लेप भरायचे, ते सुकू द्यायचे, तारा काढायच्या आणि उरलेला कोपरा भरायचा. तार अडकली तर तिच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न लावा. तार तापली की भोवतीचं इपॉक्सी मऊ पडतं आणि ती सुटते.

तक्ता 2.44 मीटरचा आणि होडी 3.6 मीटरची. जोडायचं कसं?

मागच्या बाजूने प्लायवूडची पट्टी चिकटवून, किंवा दोन्ही कडा उतरत्या करून एकमेकींवर चिकटवून. दुसरा सांधा दिसायला चांगला आणि वाकवताना एकसारखा वाकतो. उताराचं प्रमाण 8:1, म्हणजे 6 मिलिमीटरच्या तक्त्याला 48 मिलिमीटर उतार. तक्ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकावर एक मागे सरकवून क्लॅम्प करा आणि सगळ्यांवर एकदमच रंधा मारा. प्लायवूडचे थर उघडे पडून गडद-फिक्या पट्ट्या दिसू लागतात. पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर आहे. नागमोडी झाल्या तर कुठे खोल गेलं ते तिथेच दिसतं. मापायला काही लागत नाही.

इपॉक्सी नीट सुकत नाही, किंवा एकदम तापून धूर येतो. काय चुकतं?

सुकत नसेल तर जवळजवळ नेहमी प्रमाण चुकलेलं असतं. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर सुकेल ही समजूत पॉलिएस्टर रेझिनवरून आलेली आहे. तिथे थोडंफार कमीजास्त चालतं. इपॉक्सीत दोन्ही घटक ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी जोडले जातात. जास्तीचा हार्डनर तसाच चिकट उरतो. उत्पादकाने 2:1 सांगितलं असेल तर 2:1, 5:1 असेल तर 5:1. आणि ते प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, हे डब्यावर दोनदा वाचा. कालवताना कपाचा तळ आणि कडा खरवडून कालवा. न कालवलेलं तिथेच दडून बसतं.

धूर येतो तो खोल कपामुळे. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं, उष्णतेने ते आणखी वेगाने घट्ट होतं, आणि कपात ती उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. थोडं थोडं कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. उकाड्यात मंद हार्डनर वापरा आणि काम सकाळी लवकर उरका.

तिसरी भानगड दमट हवेतली. सुकलेल्या थरावर कधी कधी मेणचट, निसरडा थर येतो. तो पाण्यात विरघळतो. आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, पुसा, आणि मगच पॉलिशपेपर मारा. आधी पॉलिशपेपर मारलात तर तो थर सगळीकडे चोळला जातो आणि पुढचा हात किंवा रंग धरत नाही.

हातमोजे पहिल्या दिवसापासून घाला. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या स्पर्शाला येईलच असं नाही. ती हळूहळू साचत येते, आणि एकदा आली की सहसा जात नाही. पुढे इपॉक्सीचं काम कायमचं सोडावं लागलेले लोक आहेत. अर्धवट सुकलेल्या इपॉक्सीची घासून उडणारी धूळ सर्वांत वाईट. मास्क लावा.

कोपऱ्यात भरायचं मिश्रण कशाचं?

इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि थोडी कोलॉइडल सिलिका (मिश्रण घट्ट करणारी बारीक पूड). कालथा उभा धरला तरी ओघळणार नाही इतपत घट्ट. मायक्रोबलून नावाची हलकी पोकळ पूड मिळते. ती पृष्ठभाग सपाट करायला छान आणि घासायला सोपी, पण तिच्यात ताकद नसते. सांध्यात ती कधीही वापरू नका.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं. ते का नको?

लाकडाला धरत नाही म्हणून. सुरुवातीला चिकटतं, पण लाकूड ओल्या-सुक्या हवेत फुगतं-आकसतं तसं सुटत जातं आणि मध्ये पाणी शिरतं. साच्यातून काढलेल्या फायबरच्या होडीला ते ठीक आहे.

सगळ्या होडीला बाहेरून फायबरग्लास लावायलाच हवा?

सांध्यांना हवाच. तळाला लावलेला बरा. बाजूंना नसला तरी चालतं. साधारण 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड बहुतेक छोट्या होड्यांना पुरतं. बाहेरचा कोपरा आधी गोल करा. तीक्ष्ण कडेवर कापड बसत नाही, खाली हवा राहते.

एक गोष्ट मात्र कापडापेक्षा महत्त्वाची: प्लायवूडच्या कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोक. पाणी तक्त्याच्या तोंडावरून आत जात नाही, कडेने जातं. कडांना पातळ इपॉक्सीचे हात लाकूड पिणं थांबवेपर्यंत द्या. कडीसाठी भोक पाडायचं असेल तर आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातून हव्या त्या मापाचं भोक पाडा. कंटाळवाणं काम आहे, आणि लाकडी होडीचं आयुष्य बहुतांशी त्यावरच ठरतं.

स्क्रू कुठले?

खाऱ्या पाण्यात सिलिकॉन ब्राँझ. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे ठिसूळ, गुलाबी पडलेला स्क्रू उरतो. 316 स्टेनलेस वरच्या भागात उत्तम. सतत ओल्या लाकडात, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे तोही झिजतो. इपॉक्सीच्या सांध्यात बरेचसे स्क्रू फक्त डिंक सुकेपर्यंतच लागतात. नंतर काढून भोकं बुजवली तरी हरकत नाही.

ॲल्युमिनियमचा कुठला पत्रा घ्यायचा?

5052, 5083 किंवा 5086. या मिश्रधातूंत मॅग्नेशियम असतं, ते खाऱ्या पाण्याला टिकतात आणि वेल्ड होतात. वेल्डेड छोट्या होडीला 3 मिलिमीटर ही सोयीची जाडी. त्याहून पातळ पत्रा नवशिक्याच्या हातून जळून भोक पडतं. पट्ट्या, कोन आणि नळ्या बहुधा 6061 मध्ये मिळतात. त्या चालतात, फक्त वेल्डजवळ त्यांची ताकद जवळपास निम्म्यावर येते हे धरूनच सांध्याची जागा ठरवा. 2024 हा विमानांचा पत्रा भंगारात स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यात तांबं असतं आणि खारं पाणी तो खाऊन टाकतं. कुठला मिश्रधातू आहे याची खूण नसलेला पत्रा होडीसाठी घ्यायचाच नाही.

कापायला कार्बाइडच्या दातांचं गोल पातं आणि थोडं मेण. लाकूड कापायच्या यंत्रांनीच बरंच काम होतं, हे ऐकून लोक चकित होतात. लोखंडावरचं ग्राइंडिंग व्हील मात्र नको. ॲल्युमिनियम त्यात भरून बसतं.

माझ्याकडे लोखंडाचं वेल्डिंग मशीन आहे. त्याने होईल का?

साध्या रॉडच्या मशीनवर होडीच्या दर्जाचं काम होत नाही. शुद्ध अर्गॉन वायू लागतो, आणि मिग (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग; शक्यतो तारेचं रीळ पिस्तुलावरच बसवलेलं, कारण मऊ तार लांब नळीत गुंता करते) किंवा एसी टिग (टंगस्टनच्या टोकाने, एसी विजेवर चालणारं वेल्डिंग). तार 5356 किंवा 5183.

ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा 2,000 अंशांच्या वर. पापुद्रा न काढता वेल्ड केलं तर आतला धातू वितळतो आणि वरची कातडी तशीच राहते. म्हणून आधी ॲसिटोनने तेलकटपणा पुसायचा आणि मग स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. याच क्रमाने; उलट केलंत तर ब्रश तेल पत्र्यात रगडतो. तो ब्रश लोखंडाला कधीही लागू देऊ नका. पत्रा साफ करायला क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट चालत नाही: वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. काही ब्रेक क्लीनरमध्ये असं सॉल्व्हंट असतं, डब्यावरचं वाचा.

उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे लांब टाका सलग मारला की पत्रा पिळवटतो. सगळी होडी आधी टॅक करून, म्हणजे जागोजागी ठिपक्याएवढं वेल्ड करून, घ्या. मग पाच-सात सेंटिमीटर इथे, तेवढंच समोरच्या बाजूला, पुन्हा नाळेकडे, असं फिरत राहा. हात लावून पत्रा गरम लागत असेल तर तिथे परत जाऊ नका. टाका संपवताना शेवटचा खड्डा भरूनच आर्क तोडा. भेगांची सुरुवात बहुधा त्या खड्ड्यातून होते.

तपासायला गोदीतली जुनी पद्धत पुरते. टाक्याच्या बाहेरून खडूचं पाणी लावून सुकू द्या आणि आतून रॉकेल लावा. बारीकशा छिद्रातूनही रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर गडद ठिपका उमटतो. तपासणी झाल्यावर रॉकेल पूर्ण धुऊन काढा, मगच त्या जागी पुन्हा वेल्डिंगला बसा.

यातलं काहीच घरी जमणार नसेल तर मधला मार्ग आहे: पत्रे स्वतः कापा, वाकवा, बसवा, आणि टाके जाणत्या वेल्डरकडून मारून घ्या.

वेल्डिंगऐवजी रिव्हेट?

होतं, आणि पातळ पत्र्याला तेच बरं. सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट, भरीव रिव्हेट, एक जण आत आणि एक जण बाहेर. पडदे लावायचे पोकळ पॉप रिव्हेट तळाला नकोत, त्यांच्या मधोमध भोक असतं. वर्षांनी काही रिव्हेट सैल होऊन थेंब थेंब गळू लागतात. ते पुन्हा ठोकावे लागतात.

ॲल्युमिनियम गंजत नाही ना?

लोखंडासारखं नाही. पण दुसरा धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की ते फार लवकर झिजतं. 1895 मध्ये अमेरिकाज कप जिंकलेली ‘डिफेंडर’ ही शर्यतीची नौका पाण्याखाली ब्राँझची आणि वर ॲल्युमिनियमची होती. वजनात वाचलं, शर्यत जिंकली, आणि 1901 मध्ये ती मोडीत निघाली.

आपल्यापुरतं सांगायचं तर: तांबं-पितळेची कुठलीही फिटिंग थेट बसवू नका, स्टेनलेसच्या बोल्टखाली प्लास्टिकचा वायसर आणि सीलंट घाला, तांब्याचा समावेश असलेला शेवाळरोधक रंग लावू नका, आणि तळात एखादं नाणं किंवा तारेचा तुकडा पडून राहू देऊ नका. ओला फोम, ओली फळी, ओलं कापड पत्र्याला चिकटून राहिलं तरी खालून खड्डे पडतात.

फोम किती घालायचा?

होडी पाण्याने पूर्ण भरली तरी वर राहील इतका. यात काटकसर नाही.

ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड. 70 किलोच्या होडीचं पाण्याखाली वजन सुमारे 44 किलो भरतं. इंजिन 25 किलो आणि सामान 15, हे सावधपणे पूर्णच धरा. एकूण 84. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम एका लिटरला जवळपास एक किलो उचलतो, म्हणजे नुसती होडी पृष्ठभागावर ठेवायला 84 लिटर. काठाला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी निम्मा घाला: साधारण 125 लिटर. लाकडी होडी स्वतः तरंगते, पण इंजिन आणि माणसं तरंगत नाहीत, तेव्हा तिलाही हा हिशेब लागू आहे.

जागा चुकवू नका. फोम बाजूंना, वरच्या अंगाला, बैठकींखाली हवा. सगळा तळाशी भरलात तर पाणी भरलेली होडी पोट वर करते. ओतून फुगवायचा फोम टाळा: तो पाणी धरून बसला तर बाहेर काढता येत नाही. कापून बसवलेले ठोकळे काढून सुकवता येतात. पॉलिस्टायरीन पेट्रोलमध्ये विरघळतं, म्हणून टाकीपासून लांब.

किती माणसं बसवायची? इंजिन केवढं?

अमेरिकी तटरक्षक दलाचा साधा नियम वापरा: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले 15. 12 फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होडीचे येतात 3.6, म्हणजे तीन माणसं. चार नाही. तेही हवा चांगली असताना.

इंजिन आराखड्यात लिहिलंय तेवढंच. तसंही बारक्या होडीला मोठं इंजिन फारसं पळवत नाही. पाण्यावर उचलली जाऊन सपाट पळणारी होडी सोडली तर वेगाला लांबीची मर्यादा असते: पाण्याच्या रेषेवरच्या मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले 2.43, उत्तर नॉटमध्ये. 3.6 मीटरला साडेचार नॉटच्या जरा वर, म्हणजे तासाला साडेआठ किलोमीटर. त्यापुढे इंधन जळतं, पिछाडी खाली बसते, वेग वाढत नाही. पिछाडीच्या फळीची उंची मात्र इंजिनाशी जुळायला हवी: आखूड दांड्याच्या इंजिनाला 38 सेंटिमीटर, लांब दांड्याच्या 51.

जागा किती लागेल?

होडीच्या चारही बाजूंनी माणूस फिरेल इतकी. आणि दार मोजा. हा विनोद जुना आहे, तरी दर वर्षी कुणाची तरी होडी खोलीतच अडकते.

पहिल्यांदा पाण्यात घालताना काय पाहायचं?

कंबरभर पाण्यात, वारा नसताना, लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्यावर एक माणूस उभा ठेवून. रिकामी होडी सरळ तरंगते का पाहा. मग बसा, एका काठावर झुका, ती कुठवर कलते आणि परत येते का, ते अनुभवा. शेवटी मुद्दाम पाण्याने भरा. ती पाणी भरूनही आडवी, काठ वर ठेवून तरंगली पाहिजे. एक टोक खाली गेलं तर फोम तिकडे कमी आहे. या परीक्षेआधी कुणालाही, विशेषतः मुलांना, होडीत घेऊन आत जाऊ नका. नोंदणीचे आणि सुरक्षा साधनांचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते बांधायला घेण्याआधीच विचारून ठेवा, कारण काही ठिकाणी बांधकामाचे फोटो आणि मालाची बिलं मागतात.

रंग, आणि नंतरची निगा?

ॲल्युमिनियमला रंगाची गरज नाही. लावायचाच तर खरवडून, योग्य प्रायमर देऊन. नाहीतर सालं निघतात. लाकडी होडीला मात्र रंग किंवा अतिनील किरण अडवणारं व्हार्निश हवंच, कारण उघडं इपॉक्सी उन्हाने खराब होतं. गडद रंग टाळा, उन्हात फार तापतात.

लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं साचलेलं गोडं पाणी जास्त कुजवतं. होडी पालथी ठेवा, जमिनीपासून उचललेल्या दोन ओंडक्यांवर, खालून वारा खेळेल अशी. ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका. ॲल्युमिनियमची होडी तांब्याच्या औषधाने मुरवलेल्या लाकडावर टेकवू नका. मध्ये रबराची पट्टी घाला. वर्षातून एकदा टोकदार काडीने लाकडी होडीचे कोपरे टोचून पाहा. जिथे काडी रुतेल तिथला भाग कोरडा, टणक लाकूड लागेपर्यंत कोरून काढा, पूर्ण सुकू द्या आणि मगच नवीन तुकडा चिकटवा. वरून नुसता इपॉक्सीचा हात दिलात तर ओल आत कोंडली जाते आणि कुज पसरतच राहते.